आधी खिळा, मग गन

फर्निचरचं काम चालू असलेल्या फ्लॅटमध्ये हल्ली हातोडीची ठकठक कमी ऐकू येते. नेल गनचा ‘फट्’ असा आखूड आवाज होतो आणि मधूनच कोपऱ्यातला कॉम्प्रेसर धडधडू लागतो. शेल्फ, बीडिंग, कपाटाची पाठ अशी कामं हौसेनं स्वतः करणाऱ्यांनाही आता ही जोडी हवीशी वाटते. दुकानात मात्र चर्चा सुरू होते ती ‘किती एचपी?’ इथून. सुताराशेजारी बसून काम पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे, की हा क्रम उलटा हवा. आधी खिळा ठरवायचा, मग गन आणि शेवटी कॉम्प्रेसर.

प्लायच्या कडेला सागवानी पट्टी बसवताना मिस्त्री आधी फेव्हिकॉलची रेघ ओढतात. डाव्या हातानं पट्टी कडेशी जुळवून धरतात, उजव्या हातातल्या गनचं नाक तिच्यावर दाबतात आणि ट्रिगर ओढतात. पट्टीला सरकायला वेळच मिळत नाही. चुका आणि हातोडी घेऊन हेच काम करायचं तर दोन्ही हात अडकतात, पट्टी निसटते, घाव चुकला तर लाकडाला खड्डा पडतो. गनचा खरा फायदा हा मोकळा राहिलेला हात आहे. वेग त्यानंतर येतो. जोडाची ताकद मात्र फेव्हिकॉलचीच. तो सुकेपर्यंत पट्टी जागेवर धरून ठेवणं, एवढंच त्या बारीक खिळ्याचं काम. वजन पेलणाऱ्या जोडाला स्क्रूच हवा.

खिळ्यांच्या गेजमध्ये आकडा वाढला की जाडी कमी होते. 23 गेजची पिन सुईसारखी बारीक आणि बिनडोक्याची. नाजूक पट्टीवर तिची खूण जेमतेम दिसते. 18 गेजचा ब्रॅड घरातल्या बहुतेक कामांना पुरतो. बाजारात ‘एफ30’ म्हणून मिळणारी गन 10 ते 30 मिमीचे ब्रॅड मारते, ‘एफ50’ 50 मिमीपर्यंत जाते. लांबी ठरवताना वरच्या तुकड्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट धरावी. 8 मिमीच्या पट्टीला 25 मिमीचा ब्रॅड ठीक बसतो. सोफ्याचं कापड ताणून बसवायला यू आकाराच्या पिनांची स्टेपल गन लागते. काँक्रीटमध्ये ब्रॅड शिरत नाही. त्यासाठी ‘एसटी64’ ही वेगळी, दणकट गन असते. घरात तेवढ्यासाठी ती घेण्यापेक्षा ड्रिल, प्लग आणि स्क्रू बरे. अमेरिकेतल्या लाकडी सांगाड्याच्या घरांसाठी बनलेली मोठी फ्रेमिंग गन आपल्या आरसीसी घरात जवळजवळ निरुपयोगी आहे.

आता हवेचा हिशेब. ब्रॅड गनला एका खिळ्यामागे साधारण लिटरभर मोकळी हवा लागते. 24 लिटरच्या टाकीतला दाब 8 बारवरून 6 बारवर येईपर्यंत 48 लिटर हवा बाहेर पडते. म्हणजे मोटर पुन्हा सुरू व्हायच्या आत चाळीसेक खिळे सहज मारून होतात. गन चालते 4 ते 7 बारवर. त्यामुळे घरच्या कामाला 24 लिटरची टाकी आणि एक एचपीची मोटर भरपूर झाली. रंगाच्या स्प्रे गनचं गणित निराळं, कारण तिला हवा सलग लागते. ते काम करायचं असेल तरच मोठ्या कॉम्प्रेसरवर पैसे घालावेत, आणि तेव्हाही एचपीपेक्षा गनला लागणारं सीएफएम (दर मिनिटाला किती घनफूट हवा) पाहून.

सोसायटीत राहणाऱ्यांनी कमी आवाजाचा ऑइल-फ्री कॉम्प्रेसर पाहावा. त्याच्या पंपात तेल बदलावं लागत नाही. गनमध्ये मात्र काम सुरू करण्याआधी तेलाचे दोन-तीन थेंब सोडावेच लागतात, गन तेलाशिवाय चालणारी नसेल तर. सुरू होताना मोटर जास्त करंट ओढते, म्हणून कॉम्प्रेसर 16 अँपिअरच्या सॉकेटलाच लावावा. लांब एक्स्टेन्शन वायरनं व्होल्टेज पडतं. त्यापेक्षा हवेचा पाइप लांब घ्यावा.

गन घेताना एक गोष्ट दुकानातच तपासावी: नाक लाकडावर दाबल्याशिवाय खिळा सुटता कामा नये. प्लायमधली गाठ लागली की ब्रॅड वळून बाजूनं बाहेर येतो, म्हणून धरणारा हात खिळ्याच्या लांबीपेक्षा बराच दूर हवा आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. खिळा अडकला तर आधी पाइप काढायचा, मगच गन उघडायची. काम संपल्यावर टाकीतली हवा सोडून खालच्या व्हॉल्व्हमधून पाणी काढायचं. आपल्याकडच्या पावसाळी हवेत हे पाणी भराभर साठतं आणि टाकी आतून गंजवतं. गंजून पातळ झालेली टाकी दाबाखाली फुटू शकते, म्हणून हे काम दुसऱ्या दिवसावर ढकलू नये.