मोटारीचा पाळीचा ताप

पाळीच्या तापाचा रोगी वैद्याच्या दारीं पोहोंचतो, तेव्हां बहुधा ताप उतरलेला असतो. मग निदान करावें तरी कशावरून? मोटारगाडीचेंही असेंच आहे. सकाळीं चारदां किल्ली फिरवूनही जी हूं कीं चूं करीत नाहीं, तीच दुपारीं मिस्त्रीपुढें पहिल्या फेऱ्यास चालू होते. मग अंदाजानें नवी बॅटरी येते, पुढील महिन्यांत नवा स्टार्टर येतो. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं! पैसा जातो तो जातोच. परंतु घरांतील वृद्धास मध्यरात्रीं रुग्णालयांत न्यावयाचें असतां गाडीनें दगा दिला, तर त्याची भरपाई कशानें होणार?

यास्तव पहिला उपाय टिपण हा होय. गाडी अडली तेव्हां हवा थंड होती, कीं इंजिन नुकतेंच तापलेलें होतें? पाऊस होता काय? आवाज कोणता आला? घरांत गाडी चालविणारे तिघे-चौघे असल्यास एक वही गाडींतच ठेवावी आणि ज्याला अनुभव येईल त्यानें तो तत्काळ नोंदवावा.

दुसरा प्रश्न सर्व निदानाचा पाया आहे : किल्ली फिरविल्यावर इंजिन फिरतें काय? चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडींत आला आणि दांडा फिरविण्याचे कष्ट टळूं लागले. पण गाडीचें उठणें बॅटरीच्या हातीं गेलें.

इंजिन न फिरतां भराभर टकटक ऐकूं आली, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचे जोड सैल वा गंजलेले आहेत. एकच 'टक्' होऊन दिवे मंद न झाले, तर स्टार्टरच्या सोलेनॉइडचा संशय घ्यावा. त्यांतील स्पर्शबिंदू झिजले म्हणजे कधीं जुळतात, कधीं जुळत नाहींत. मुळींच आवाज नसल्यास रिले, तसेंच क्लच किंवा गिअरचा स्विच पाहावा.

गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून व हातब्रेक ओढून मीटर लावावा. विसावलेली, पूर्ण भरलेली बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. स्टार्टर फिरतांना आंकडा साडेनऊच्या खालीं जाऊं नये. तो ठीक असूनही इंजिन जडपणें फिरत असेल, तर दोष जोडांत शोधावा. स्टार्टर १५० अँपिअर ओढीत असतां जोडांतील एक शतांश ओहमचा अडथळाही दीड व्होल्ट गिळून टाकतो!

इंजिन फिरतें पण पेट घेत नाहीं, अशा वेळीं स्टार्टर निर्दोष समजावा. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडींत किल्ली अर्धी फिरविल्यावर टाकीकडून पंपाची दोनएक सेकंद घूंघूं बहुधा ऐकूं येते. ती कधीं येते, कधीं येत नाहीं, असें असल्यास पंप किंवा त्याचा रिले तपासावा. इंजिन तापल्यावरच अडणारी व अर्ध्या तासानें आपोआप सुरू होणारी गाडी असेल, तर क्रँकशाफ्टचा सेन्सर तपासावा. उष्णतेनें त्यांतील तार तुटक होते व निवल्यावर पुन्हां जुळते.

शेवटीं एक पथ्य : एका वेळीं एकच भाग बदलावा. दोन औषधें एकदम दिलीं, तर गुण कोणाचा, हें कधींच कळत नाहीं.