घोड्यांचा ट्रेलर आणि आग

अमेरिकेत घोड्यांच्या स्पर्धांना जाणारी मंडळी एक भन्नाट गाडी ओढत नेतात: मागे घोडे, पुढे माणसांची झोपायची खोली, त्यात शेगडी, फ्रिज, हीटर. म्हणजे एकाच छपराखाली प्रोपेन गॅस आणि वाळलेलं गवत!

आग म्हटलं की आपण शेगडीकडे बघतो. पण बऱ्याचदा ती चाकापासून सुरू होते. बेअरिंगमधलं ग्रीस संपलं, ब्रेक घासत राहिला किंवा टायरमध्ये हवा कमी असली, की चाक तापत जातं. पुढे गाडी चालवणाऱ्याला पत्ताही नसतो. म्हणून प्रत्येक थांब्यावर चाकाच्या मध्यभागाजवळ हात न्यायचा (चिकटवायचा नाही!). एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर पुढे जायचं नाही.

या गाड्यांतले काही फ्रिज चक्क गॅसच्या ज्योतीवर चालतात. त्यामुळे निघण्याआधी सिलिंडर बंद. पेट्रोल भरतानाही बंदच. प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड, गळला की तळाशी साचतो. त्याचा डिटेक्टर जमिनीलगत हवा, छताला लावून काय उपयोग?

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती मोरकी. नायलॉनची मोरकी आगीत वितळून घोड्याच्या तोंडाला चिकटते, म्हणून प्रवासात चामड्याची. दाव्याची गाठ एका झटक्यात सुटणारी. आणि अग्निशामक दोन: एक खोलीच्या दाराशी, दुसरा ओढणाऱ्या गाडीत.