मातृत्वाचा खाडा

परमुलखातील गर्भारपण म्हटले की सुशिक्षित मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे लंडनचा वा टोरांटोचा हिवाळा उभा राहतो. दारात बर्फ, कानावर परकी भाषा आणि डोहाळे पुरवणारे माहेर सातासमुद्रापलीकडे! ही अडचण खोटी नव्हे. परंतु त्या स्त्रीच्या माथ्यावर पक्के छप्पर असते, तपासणीची तारीख आगाऊ ठरलेली असते आणि तिच्या नावाची नोंद कोठेतरी झालेली असते. याउलट, राज्याची सीमाही न ओलांडता दर हिवाळ्यात परमुलखी जाणाऱ्या काही गर्भवती याच महाराष्ट्रात आहेत. त्यांच्या वाट्याला यातले काहीच येत नाही.

दिवाळी सरत आली की बीड, जालना, धाराशिव या दुष्काळी जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिमेकडे निघतात. दूधगंगा-वेदगंगेच्या पाण्यावर हिरव्यागार झालेल्या कागल तालुक्यात शाहू कारखान्यापासून हमिदवाडा, बिद्रीपर्यंत धुराडी पेटू लागतात. चार-पाच महिन्यांचा हा हंगाम म्हणजे नेमका हिवाळा. शेताच्या बांधाला कोप्या पडतात. वर पाचट किंवा प्लास्टिकचा कागद, खाली ओली जमीन. पहाटे तीन-चारला उठून, भाकऱ्या थापून, स्त्रीने फडात उतरायचे. दवाने भिजलेला ऊस अंगाला झोंबतो, पात्याची धार हातांवर ओरखडे उठवते. पुरुषाने तोडलेला ऊस गोळा करून मोळ्या बांधायच्या आणि त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या, हे काम बहुधा स्त्रीचेच. वाहन रात्री आले तर भरणी रात्री. पोटात सातव्या महिन्याचे मूल असले तरी या क्रमात फरक पडत नाही.

कष्टाइतक्याच घातक असतात त्या बारीकसारीक वाटणाऱ्या गैरसोयी. आडोसा नसल्याने दिवसभर पाणीच कमी प्यायचे, हा फडातील बायकांचा रिवाज; त्यातून मूत्रमार्गाचे विकार जडतात आणि गर्भारपणात ते अकाली प्रसूतीला कारण होऊ शकतात. थंडीत कोपीतच चूल पेटते व धूर श्वासात जातो. महाराष्ट्रातील गर्भवतींपैकी निम्म्याच्या आसपास स्त्रियांना रक्तक्षय आहे, असे २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. ही सर्वसाधारण स्थिती असेल, तर फडातील स्त्रीविषयी वेगळे काय सांगावे?

योजनांचा तुटवडा आहे, असे म्हणता येणार नाही. १९७५ पासून अंगणवाडी आहे, २००५ पासून जननी सुरक्षा योजना आहे, २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची मोफत तपासणी होते. पण या व्यवस्थेने गृहीत धरलेली स्त्री एका गावात राहणारी आहे. ऊसतोड स्त्रीचे नाव मराठवाड्यातील अंगणवाडीच्या वहीत आणि ती स्वतः कागलच्या फडात. गावची आशा कार्यकर्ती तिला शोधू शकत नाही, इथल्या आशेला ती ठाऊक नसते. शिवाय ९ तारखेला दवाखान्यात जायचे, तर त्या दिवशीचे काम बुडते.

येथेच प्रश्नाचे मूळ आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मानला जातो. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल या जोडीच्या नावावर असते आणि टनावारी तोड करून ती फेडायची असते. एकजण पडून राहिला की खाडा धरला जातो. अनेक ठिकाणी त्याचा दंडही उचलीत चढतो. म्हणजे अन्य नोकरदार स्त्रीला जी हक्काची रजा, ती येथे कर्ज होऊन वहीत मांडली जाते. बाळंतीण आठ-पंधरा दिवसांत पुन्हा मोळी उचलते, ती हौसेने नव्हे. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे बीड जिल्ह्याचे चित्र आले, तेव्हा पाहणी झालेल्या ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढली गेल्याचे दिसले. त्यामागील सर्व कारणांची चर्चा होत राहील. पण खाड्याची धास्ती त्यांपैकी एक होती, हे नाकारता येणार नाही.

कायदा काय म्हणतो? १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यातील पगारी रजा २०१७ साली १२ वरून २६ आठवड्यांवर गेली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद राहिली. तिची अट आदल्या वर्षभरात ८० दिवस काम केल्याची. ऊसतोड स्त्री एका हंगामातच त्याहून अधिक दिवस राबते. मात्र कोणत्याही हजेरीपत्रकावर तिचे नाव नसते. कारखाना म्हणतो, करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादमाची वही कायद्याला दिसत नाही. स्थलांतरित कामगारांसाठीचा १९७९ चा कायदाही राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरताच होता. बीडहून कागलला येणारी स्त्री त्याच्या हिशेबी परकी नव्हती आणि कागलच्या हिशेबी ती गावची नाही!

कागलला हे शोभणारे नाही. याच गावच्या घाटगे घराण्यातून १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेल्या शाहू छत्रपतींनी परगावच्या गरीब मुलांसाठी वसतिगृहे उभारली. बाहेरून येणाऱ्याची सोय ही यजमानाची जबाबदारी, हे तत्त्व त्यामागे होते. कागल जहागिरीतील माणगावच्या परिषदेत १९२० साली त्यांनी ज्या तरुण आंबेडकरांचा गौरव केला, त्यांनीच पुढे १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाची बाजू मांडली. मातेला प्रसूतीच्या आधी व नंतर विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. तो विचार गिरणीच्या दारापर्यंत पोचला, उसाच्या फडात अद्याप उतरलेला नाही.

हे खर्चिक आहे, हा आक्षेप टिकणारा नव्हे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्याचे १० रुपये व शासनाची तितकीच भर, अशी रचना ठरलेली आहे. या निधीवर पहिला हक्क गर्भवतीचा मानावा. टोळी उतरताच कारखान्याच्या शेतकी विभागाने प्रत्येक स्त्रीची नोंद स्वतंत्र मजूर म्हणून करावी, ‘कोयत्याचा अर्धा भाग’ म्हणून नव्हे. ती यादी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे जावी आणि तपासणी फडावर यावी. प्रसूतीच्या आधीच्या व नंतरच्या ठरावीक आठवड्यांची मजुरी निधीतून थेट तिच्या खात्यात जमा व्हावी आणि त्या काळाचा खाडा धरण्यास बंदी असावी.

शेवटची मागणी सर्वांत महत्त्वाची आहे. दवाखाना जवळ आणला, गोळ्या दिल्या, पोषण आहार पोचवला, तरी खाडा कायम असेल तर ती फडातच राहील. साखरेच्या पोत्याच्या हिशेबात उसाची, इंधनाची, वाहतुकीची किंमत धरली जाते. मातेच्या विश्रांतीची किंमत त्यात धरली जात नाही, म्हणून ती आजवर पोटातल्या मुलाकडून वसूल होत आली आहे.