थेंबाचा तिसरा हिस्सा

डिझेल गाडी घाटात ओढेनाशी झाली की गॅरेजच्या दारातलं पहिलं निदान ठरलेलं असतं: ‘पंप गेला.’ पाठोपाठ खर्चाचा आकडा येतो आणि मालकाचा चेहरा उतरतो. पंप जातोही कधी कधी, नाही असं नाही. पण होकार देण्याआधी थोडा हिशेब मांडावा. या दुखण्यातले आकडे बिलापेक्षा जास्त चक्रावणारे आहेत.

उदाहरणाला फियाटचं 1.3 मल्टिजेट घेऊ. स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिया, जिथे बघावं तिथे हेच. पुण्याजवळ रांजणगावातही ते तयार व्हायचं, आणि गाडीवेड्यांनी त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ अशी पदवीच देऊन टाकली होती. 1,248 सीसी, चार सिलिंडर. समजा गाडी सपाट रस्त्यावर ताशी 80 किलोमीटरने चाललीय, इंजिनाचे मिनिटाला 2,000 फेरे होतायत आणि लिटरला 20 चं अ‍ॅव्हरेज मिळतंय. म्हणजे तासाला चार लिटर डिझेल. दर फेऱ्याला दोन सिलिंडर पेटतात. मिनिटाला 4,000 वेळा, तासाला 2 लाख 40 हजार वेळा. भागाकार करा. एका पेटण्याच्या वाट्याला येतं जेमतेम 17 घनमिलिमीटर. ड्रॉपरमधून पडणारा थेंब साधारण 50 घनमिलिमीटरचा धरतात. म्हणजे थेंबाचा तिसरा हिस्सा! बरं, तोही एकदम सोडायचा नाही. इंजिनाची खडखड कमी व्हावी म्हणून आधी एक-दीड घनमिलिमीटरची चुणूक, मग मुख्य फवारा. हे सगळं एक-दोन मिलिसेकंदांत.

याच चालीने गाडी दोन लाख किलोमीटर फिरली तर 60 कोटी वेळा पेटते. प्रत्येक नोझलच्या वाट्याला 15 कोटी वेळा, आणि दोन-दोन फवारे धरले तर 30 कोटी वेळा उघडझाप. मिसिंग मारणाऱ्या गाडीपेक्षा न मारणाऱ्या गाडीचंच नवल वाटायला हवं.

आता दाब. टायरमध्ये आपण 33 पीएसआय हवा भरतो, म्हणजे सव्वादोन बारच्या आसपास. या जातीच्या इंजिनाच्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे चारही नोझलना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत, दाब चढतो 1,400 ते 1,600 बारपर्यंत. मारियाना गर्तेच्या तळाशी, जवळजवळ 11 किलोमीटर पाण्याखाली, तो साधारण 1,100 बार असतो. बॉनेटखाली त्याहून जास्त. एवढ्या दाबाखाली मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढ्या भोकातून डिझेल सुटतं तेव्हा त्याचा वेग कागदावर सेकंदाला 550 ते 600 मीटर भरतो. आपल्या भोवतालच्या हवेत आवाज जातो 340 मीटरने. जुन्या गाड्यांत मेकॅनिक चालू इंजिनावर नोझलचा पाइप पान्याने सैल करून ‘कोणता सिलिंडर मेला’ ते ओळखायचे. कॉमन रेलवर हा उद्योग कुणी करू नये. ती धार कातडी फोडून आत शिरते.

इतक्या बारीक कामाला डिझेलही तसंच स्वच्छ लागतं. नोझलच्या आतल्या सुट्या भागांमधली फट दोन ते चार मायक्रॉनची असते. खसखशीच्या दाण्याएवढी, एक मिलिमीटर व्यासाची धूळ पाच मायक्रॉनच्या कणांत फोडली तर कण होतील 80 लाख, आणि त्यांतला एकेक त्या फटीला डोईजड. पाण्याची गोष्ट आणखी वाईट. बीएस-6 च्या नियमाप्रमाणे किलोभर डिझेलमध्ये 200 मिलिग्रॅमपर्यंत पाणी चालतं. 40 लिटरच्या टाकीत ते साडेसहा ग्रॅमच्या आसपास जातं, चमचाभराहून थोडं जास्त. त्याचे दहा मायक्रॉनचे थेंब केले तर बाराशे कोटींच्या वर भरतील. हे सगळं अडवायचं काम एका फिल्टरचं. आणि नेमका तोच बदलायचा लोक पुढच्या सर्व्हिसिंगवर ढकलतात.

आता मुद्द्यावर. गाडी डिझेलला उपाशी आहे की मिसिंग मारतेय, हे दोन वेगळे आजार. त्यांतला फरक कानापेक्षा आकडे लवकर सांगतात. आयडलिंगला इंजिन एका पेटण्याला सहा घनमिलिमीटरच्या आसपास पितं. खंबाटकीचा चढ, गाडी भरलेली, अ‍ॅक्सिलरेटर तळाला, की तीच भूक चाळिशीच्या वर जाते. सातपट! त्यामुळे अर्धा तुंबलेला फिल्टर सोसायटीच्या पार्किंगमध्ये चकार शब्द काढत नाही आणि घाटात गळा धरतो. चारही सिलिंडर एकदम मलूल होतात. उलट एखादा नोझल एकच घनमिलिमीटर कमी सोडत असेल, तर चाळीसमध्ये ती तूट अडीच टक्क्यांची, कुणाला कळणारही नाही. सहामध्ये तीच 17 टक्के. म्हणून सिग्नलला उभी गाडी थरथरते आणि हायवेवर शहाण्यासारखी चालते. चढावर रडते ती बहुधा पुरवठ्याची तक्रार, उभ्याने थरथरते ती बहुधा एका सिलिंडरची. माझ्या मते एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मे पंप वाचतील.

पुरवठ्याचा संशय असेल तर स्कॅनर लावून गाडी चढावर न्यावी आणि रेलचे दोन आकडे शेजारी ठेवावेत: मागितलेला दाब आणि मिळालेला दाब. मागणी 1,300 ची आणि हाती 900 असेल तर पी0087 हा कोड उमटायला वेळ लागत नाही. पण तो कोड ‘दाब कमी’ एवढंच सांगतो, ‘पंप बदला’ असं नाही. आधी फिल्टर, टाकीतली जाळी, आणि कुठे एअर घेतेय का ते बघायचं. हाय-प्रेशर पंप एका फेऱ्यात एक घनसेंटिमीटरही डिझेल ढकलत नाही. वाटाण्याएवढा बुडबुडा आत गेला की दट्ट्या तोच दाबत बसतो.

त्यानंतर रिटर्न, म्हणजे नोझलमधून टाकीकडे परत जाणारं डिझेल. चारही नोझलच्या रिटर्नला चार नळ्या जोडून चार सारख्या बाटल्यांत सोडतात आणि इंजिन काही मिनिटं चालू ठेवतात. तीन बाटल्यांत तळाशी बोटभर, चौथी गळ्यापर्यंत, असं दिसलं की दाब कुठे झिरपतोय ते उघड्या डोळ्यांनी कळतं. नवे पंप घातलेल्या कितीतरी गाड्यांना ही चार बाटल्यांची चाचणी कुणी केलेलीच नसते.

मिसिंगची नोंद तर गाडी स्वतःच ठेवते. क्रँकच्या चाकावर साधारणपणे 60 दात्यांच्या जागा असतात, त्यांतले दोन मुद्दाम गाळलेले. आयडलिंगला एक दाता सेन्सरसमोरून जायला सुमारे 1.2 मिलिसेकंद. दुसरा सिलिंडर नीट पेटला नाही की त्याच्या पाळीचे दाते किंचित रेंगाळतात. तो लेशमात्र उशीर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पकडतो आणि त्या नोझलला जादा डिझेल देऊन सांभाळून घेतो. ही दुरुस्ती स्कॅनरवर घनमिलिमीटरमध्ये दिसते. तीन सिलिंडर शून्याच्या आसपास आणि एकालाच तीन-चारची कुमक लागत असेल, तर रुग्ण सापडला.

तरीही लगेच नवा नोझल घेऊ नये. दुसऱ्याचा नोझल तिसऱ्यात, तिसऱ्याचा दुसऱ्यात घालावा; तांब्याचे वॉशर नवे, आणि नोझलवर कोरलेले कोड असतील तर ईसीयूमध्ये तेही अदलाबदल करून. दुखणं नोझलबरोबर तिसऱ्यात गेलं तर नोझलच दोषी. दुसऱ्यातच राहिलं तर डिझेलवर आळ घेण्यात अर्थ नाही. तिथे 331 घनसेंटिमीटर हवा 19 मध्ये दाबली जाते की नाही, ते कॉम्प्रेशन गेज लावून बघायचं.