तात्पुरतं म्हणता म्हणता…

आळंदीहून माउलींची पालखी पुण्याकडे निघते, तेव्हा दिघीनंतर विश्रांतवाडी लागते. त्या दिवशी तुमच्यापैकी कितीतरी जण एनएसएसचा टी-शर्ट घालून रस्त्यावर असता. कुणी पाणी वाटतं, कुणी केळी, कुणी वारकऱ्यांच्या दुखऱ्या पायांना मलम लावतं. सेवा एका दिवसाची, पण मनापासून केलेली.

आता पालखी पुढे गेल्यानंतरचा एखादा साधा मंगळवार घ्या. विश्रांतवाडीहून धानोरी-लोहगावकडे जाताना बसच्या खिडकीतून बघा. अर्धवट इमारत, तिच्यावर हिरवी जाळी आणि पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांची रांग. ऐन शाळेच्या वेळेत सात-आठ वर्षांची एखादी मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी असते. आई-वडील मराठवाड्यातून, नाहीतर पार बिहार-छत्तीसगडमधून आलेले. शाळेचं विचारलं तर उत्तर येतं, ‘नाव गावाकडं आहे.’ भावाचे डोस? ‘कार्ड गावाकडं राहिलं.’

सगळं गावाकडं. इथलं जे काही आहे ते तात्पुरतं. इमारत उभी राहिली की पत्रे निघणार, बिऱ्हाड दुसऱ्या साइटवर जाणार. मग इथं शाळेत नाव कशाला घालायचं?

याच प्रश्नाचं उत्तर ऐंशी वर्षांपूर्वी आपल्याच महाराष्ट्रात, कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात दिलं गेलं होतं.

कोल्हापूरचं पोलिश गाव

दुसऱ्या महायुद्धात पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना सोव्हिएत राजवटीनं घरातून उचलून सैबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकलं. 1942 मध्ये त्यातले काही जण इराणमार्गे बाहेर पडले. उपासमार आणि आजारपणानं खंगलेली मुलं, नवरा युद्धावर गेलेल्या किंवा गमावलेल्या बाया. काही मुलांना नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीत आसरा दिला. कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला मोठी छावणी उभी राहिली ती 1943 मध्ये. सुमारे पाच हजार माणसं तिथं राहिली. त्यात बहुतेक बायका आणि मुलंच.

छावणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तंबू आणि जेवणाची रांग येते. वळिवड्यात बराकींबरोबर दवाखाना होता, चर्च होतं, नाटकं होत होती, स्काउटची पथकं होती. आणि शाळा होत्या! प्राथमिक, माध्यमिक, वर व्यवसाय शिक्षणसुद्धा. शिकवणाऱ्या कितीतरी जणी स्वतःच निर्वासित होत्या. खर्च उचलला तो लंडनहून चालणाऱ्या पोलंडच्या परागंदा सरकारनं.

यातली खरी गोष्ट ही की, तिथल्या प्रत्येकाला वाटत होतं, लढाई संपली की आपण घरी जाणार. म्हणजे त्यांचंही सगळं तात्पुरतंच होतं. तरी ‘घरी गेल्यावर बघू’ म्हणून कुणी शाळा थांबवली नाही. लढाई 1945 मध्ये संपली, पण घर जिथं होतं तो मुलूखच सोव्हिएत संघात गेला. छावणी चालली 1948 पर्यंत. आठव्या वर्षी आलेली मुलगी तेरा वर्षांची होऊन बाहेर पडली. पुढं कुणी इंग्लंडला गेलं, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी पोलंडला. शाळा नसती, तर त्या पाच वर्षांची भरपाई कुठल्या देशानं केली असती?

नंतर त्याच बराकींत फाळणीतून आलेली सिंधी कुटुंबं राहिली. आजचं कापडबाजाराचं गांधीनगर ते हेच. पोलंडची राजधानी वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावानं स्मारक आहे.

मग इथं अडतं कुठं?

वळिवड्यात सगळी माणसं एका जागी होती, त्यांची यादी होती आणि त्यांना ‘निर्वासित’ हे नाव होतं. साइटवरच्या कुटुंबाला कुणी विस्थापित म्हणत नाही. ते ‘लेबर’ असतं, दर काही महिन्यांनी हलणारं. म्हणून इथं शाळेलाच मुलांच्या मागे फिरावं लागतं. मोबाइल क्रेशेस ही चळवळ 1969 मध्ये दिल्लीत बांधकामावरच्या पाळणाघरातून सुरू झाली, पुण्यातही आली. 1988 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या डोअर स्टेप स्कूलनं पुण्यातल्या साइटवर वर्ग भरवले, बसमध्ये शाळा चालवली.

कायदाही मुलांच्या बाजूनं आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार 6 ते 14 वयाच्या मुलाला वयानुसार वर्गात बसवायचं असतं. जन्मदाखला नाही, जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला किंवा वर्ष अर्धं सरलं, या कारणांनी प्रवेश नाकारता येत नाही. 2025 पर्यंत लागू असलेला बांधकाम कामगारांचा 1996 चा कायदा सांगायचा, पन्नासहून जास्त महिला कामावर असतील तिथं सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी. आणि बाळाची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, गाव कुठलंही असो.

अडतं ते इतकंच की हे त्या आईला सांगणारं कुणी नसतं. सांगितलं तरी रोजंदारी बुडवून शाळेत खेपा घालणं तिला परवडत नाही.

तुम्ही काय करू शकता?

- एकटे साइटवर धडकू नका. आधीपासून काम करणाऱ्या संस्थेबरोबर जा.
- आठवड्याला दोन तास द्या, पण सहा महिने सलग. आधीच सगळं बदलत असतं. शिकवणारा चेहरा तरी तोच राहू दे.
- एका मुलाच्या प्रवेशासाठी त्याच्या आईबरोबर महापालिकेच्या शाळेत जा. फॉर्म तुम्ही भरा.
- बाळाचं लसीकरण कार्ड असेल तर त्याचा फोटो आई-वडिलांच्या फोनमध्ये काढून ठेवायला सांगा. पुढच्या गावी उपयोगी पडेल.
- मुलांचे फोटो मात्र स्टोरीला टाकू नका. बिस्किटं वाटतानाचे तर नाहीच.

पुढची पालखी येईपर्यंत मधे बरेच शनिवार आहेत. आणि तोवर ती पत्र्याची रांग तिथं असेलच असं नाही. तेव्हा या शनिवारपासूनच जमतं का बघा.