डक्टची वाट बीम भरण्याआधीच ठरते

गोरेगावात पूर्वेला आणि पश्चिमेला जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास चालू आहे. बैठकांत कार्पेट एरिया, पार्किंग, कॉर्पस यांवर तासन् तास चर्चा होते. एसीचा डक्ट कुठून जाणार, हे मात्र कुणी विचारत नाही.

गैरसमज : ते काम ताबा मिळाल्यावर इंटिरियरवाला बघेल.

तोवर जागाच उरलेली नसते. समजा, मजल्याची उंची ३ मीटर आणि बीम स्लॅबसकट ६०० मिमी खोल. बीमखाली २.४ मीटर उरले. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार एसीच्या खोलीत डक्ट किंवा फॉल्स सीलिंगच्या खाली किमान तेवढी उंची हवीच. मग बीमखालून २०० मिमीचा डक्ट नेणार कसा? बीमला समांतर न्यावा, नाहीतर बीममध्ये आधीच वाट ठेवावी.

गैरसमज : कोअर कटिंग मशीन सफाईने कापते, बीमला काही होत नाही.

कड गुळगुळीत दिसते, पण आतल्या सळया आणि रिंगा तुटतात. कॉलमजवळ कातरबल सर्वाधिक, म्हणून तिथे रिंगा जवळजवळ बांधतात. नेमके तिथलेच भोक सर्वांत घातक. दोन कॉलममधल्या गाळ्याच्या मध्यावर बीमच्या तळच्या सळया ताण घेतात, त्यांनाही हात लावायचा नाही. मुंबई भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये आहे, हेही विसरू नये. भोक हवेच असेल तर काँक्रीट भरण्यापूर्वी स्लीव्ह (पाइपचा तुकडा) बसवावी : कॉलमपासून दूर, बीमच्या साधारण मध्यखोलीवर, भोवती जादा सळई देऊन. जागा आणि माप आरसीसी कन्सल्टंटच्या ड्रॉइंगवर असलेच पाहिजे. मोठा चौकोनी डक्ट असा जात नाही; त्याचा मार्गच बदलावा लागतो.

गैरसमज : बीम सोडा, भिंत तर फोडता येते.

माइवान शटरिंगच्या (अॅल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या) इमारतींत बहुतेक भिंती काँक्रीटच्या असतात आणि इमारतीचा भार त्याच पेलतात. कॉपर पाइपचे छोटे भोकही आधीच ठरवलेले बरे.

एसीचे पाणी वाहून नेणाऱ्या ड्रेन पाइपचा विचार तर हमखास राहतो. शंभराला एक उतार धरला तरी ६ मीटरच्या पाइपला ६० मिमी उतार लागतो, आणि वाटेत बीम आला की पाणी उलटे खोलीत गळते.

जुन्या घरात बीम आधीच कापलेला असेल, तर त्यावर प्लास्टर मारून झाकू नका. आपल्या दमट, खाऱ्या हवेत उघडी पडलेली सळई लवकर गंजते. आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा. ३० वर्षांपुढच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचे आहे; त्या वेळी ही जागा स्वतःहून पुढे करून दाखवा.