रंग गेला, पुढे?

टोकियोत अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी केलेला प्रयोग १९७२ मध्ये ‘नेचर’ने छापला, तेव्हा त्यात सांडपाण्याचं नावही नव्हतं. टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर अतिनील प्रकाश टाकून त्यांनी पाण्याचं विघटन केलं होतं. पुढच्याच वर्षी तेलसंकट आलं आणि सगळ्यांना त्यात फुकटचा हायड्रोजन दिसू लागला. १९७७ मध्ये अमेरिकेत फ्रँक आणि बार्ड या रसायनशास्त्रज्ञांनी याच पदार्थाची भुकटी पाण्यात मिसळून सायनाइड मोडून दाखवलं आणि वाट सांडपाण्याकडे वळली.

प्रकाश पडला की कणातला इलेक्ट्रॉन वर उडतो, मागे धनभारित पोकळी राहते. तिच्यापासून बनणारा हायड्रॉक्सिल मूलक समोर येईल तो सेंद्रिय रेणू फोडतो. कण जितके बारीक, तितका पृष्ठभाग जास्त, म्हणून नॅनोकण. पहिली मोठी अडचण : अ‍ॅनाटेज रूपातल्या या भुकटीला साधारण ३८८ नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरी लागतात आणि उन्हात अतिनील भाग जेमतेम चार-पाच टक्के. २००१ मध्ये जपानमध्ये नायट्रोजन मिसळून दृश्य प्रकाशावर काम करवून घेतलं गेलं, त्यानंतर मिश्रणांना ऊतच आला.

या सगळ्यांची परीक्षा घ्यायला मिथिलीन ब्लू हा निळा रंग. स्वस्त, गडद, रंग उतरताना डोळ्यांना दिसणारा. माझ्या मते इथेच घोळ झाला. हा रंग स्वतःच प्रकाश शोषून भुकटीला इलेक्ट्रॉन देतो, त्यामुळे श्रेय कुणाचं ते कळत नाही. शिवाय क्षपण झालं की तो नुसता रंगहीन होतो आणि हवा लागली की पुन्हा निळा. ‘नव्वद टक्के रंग गेला’ हा आकडा म्हणूनच फसवा. पाण्यात एकूण सेंद्रिय कार्बन किती उरला, ते मोजायला हवं.

दरम्यान तमिळनाडूत तिरुपूरमध्ये कापड रंगवण्याच्या सांडपाण्याने नोय्यल नदी रंगत राहिली. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रंगाई कारखाने बंद करायला लावले. ते पुन्हा सुरू झाले ते आरओच्या पडद्यांवर आणि बाष्पीभवन यंत्रांवर. या भुकटीला तिथे जागा मिळणं अवघड : गडद सांडपाण्यात प्रकाश आत शिरत नाही, रंगाईतलं मीठ मूलकांना खातं आणि वापरलेली भुकटी गाळून काढणं हा वेगळाच खर्च. आता कण काचेवर किंवा तंतूंवर चिकटवतात आणि जैविक प्रक्रियेनंतर उरलेल्या फिकट पाण्यावर हा उपाय करून बघतात. तिथे तो निदान प्रकाशात तरी काम करतो.